कयाधूकाठच्या मंडळींनी समुद्रास कसे सामोरे जावे

हिंगोली जिल्ह्यास समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवरील ‘हिंगोली डेक्कन’ ही अक्षरे वाचणाऱ्या कोणाही सुजाण प्रवाशाच्या ध्यानी येण्याजोगी आहे. आणि १ मे १९९९ रोजी परभणीची वाटणी होऊन आमचा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा मूळच्या दफ्तरातच समुद्राची नोंद नसल्यामुळे तो आमच्या वाट्यास येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, म्हणून याबाबत कोणा अंमलदारास बोल लावण्यातही अर्थ नाही. तथापि अलीकडे औंढ्याचा, वसमतचा, कळमनुरीचा माणूस हळदीचे पैसे हाती येताच सहकुटुंब तारकर्लीस जाऊ लागला आहे, आणि तेथे गेल्यावर तो जे काही करतो ते पाहिल्यानंतर चार नियम लेखी नमूद करून ठेवणे अगत्याचे वाटले.

पहिली अडचण भौगोलिक असून तिचा विचार प्रस्थानापूर्वीच केलेला बरा. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहिता हे नाव धारण करून गोदावरीस, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. पूर्णाही सिद्धेश्वराच्या धरणात घटकाभर विसावा घेऊन अखेर गोदावरीचीच वाट धरते. म्हणजे जिल्ह्याचे झाडून सारे पाणी पूर्वसमुद्रास जाते आणि जिल्ह्याची माणसे मात्र पश्चिमसमुद्रास! तेव्हा ‘आमच्याच नद्यांनी भरलेला आहे’ असा वडिलोपार्जित हक्क सांगून मालवणच्या पाण्यात शिरणाऱ्याचा दावा कोणत्याही कचेरीत टिकणारा नाही. तेथे आपण परमुलुखातील पाहुणे, हे समजून वागावे.

पोहण्याच्या पूर्वतयारीसाठी आमच्याकडे विहिरीइतके पुरातन विद्यालय दुसरे नाही. पाठीस पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा बांधून काकांनी मला काठावरून ढकलून दिले आणि ‘हातपाय हलव रे, पाणी काही खात नाही’ असे वरून बजावले. या विधानाची सत्यता नाकातोंडात पाणी गेलेल्या अवस्थेत मी पडताळून पाहत असतानाच समोरच्या कपारीतून एक पाणदिवड निघाली, मुदत टळल्यावर आलेल्या अर्जदाराकडे मामलेदाराने पाहावे तशी क्षणभर माझ्याकडे पाहती झाली, आणि संथपणे पलीकडच्या कपारीत निघून गेली. जलचरांची भेट कशी व्हावी याचा याहून उत्तम दाखला मला पुढे कोणत्याही सागरतटावर आढळला नाही. तिने मला स्पर्श केला नाही, मी तिला केला नाही, आणि उभयतांचे कल्याण झाले. (पाणदिवड बिनविषारी असते हे मला मागाहून कळले, माझ्याविषयी तिलाही तसेच मागाहून कळले असावे.) समुद्रावर होडीवाला जे नारिंगी जाकीट देतो तो छातीस बांधावयाचा सरकारमान्य बिंडाच होय; तो काढून फोटो काढवून घेण्याची हौस आवरावी.

मात्र विहीर ओढत नाही, समुद्र ओढतो. फुटलेल्या लाटांचे पाणी परतताना कधी कधी एका चिंचोळ्या पट्ट्यातून खोलीकडे जोराने धावते, आणि वरून पाहता नेमका तोच पट्टा सर्वांत शांत दिसत असल्याने नवखा माणूस तीच जागा पसंत करतो. अशा ओढीत सापडल्यास मराठवाडी स्वभावाप्रमाणे समोरासमोर मुकाबला करू नये. किनाऱ्याशी समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग परतावे. भरती-ओहोटीचे तंत्र आमच्या शेतकऱ्यास समजावयास जड जाऊ नये, कारण ते कालव्याच्या आवर्तनासारखेच आहे; भेद इतकाच की येथे नमुना क्रमांक ७ भरावा लागत नाही, पाटकऱ्याची मनधरणी नाही, आणि सुमारे साडेबारा तासांनी पाळी हमखास येते, रोज पन्नासेक मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. एवढे शिस्तीचे पाणी आणि तेही खारट, ही विधात्याची थट्टा मुकाट्याने सोसावी. पावसाळ्यात तर जाऊच नये.

आता जलचर. पाकट नावाचा चपटा मासा उथळ वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि पाय पडल्यास शेपटीचा काटा मारतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांनी याचा अनुभव घेतला. रात्री पाणी धरावयास निघालेला आमचा माणूस जशी काठी आपटत, पायांचा आवाज करीत जातो, तसे येथे पाऊल न उचलता घासत चालावे, म्हणजे पाकट आपण होऊन वाट देतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठावा. हळद घरीच ठेवावी, ती आमची असली तरी.

डॉल्फिनास कोकणातील कोळी गादा म्हणतात. तो मासा नसून आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी असल्याने दम घेण्यास वर येतो, दर्शन देण्यास नव्हे. तेव्हा होडी त्याच्या मागे पिटाळण्याची फर्माइश करू नये, शिट्ट्या वाजवू नयेत, आणि तो न दिसल्यास भाड्याचे पैसे परत मागू नयेत.

कासवाविषयी मात्र थोडे विस्ताराने. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम २००२ साली हाती घेतले, आणि आता वसंतात पिल्ले समुद्राकडे सोडली जाताना पाहण्यास दुरून लोक जातात. तेथे विजेरी पेटवू नये, कारण पिल्लू उजेड पाहून दिशा ठरविते आणि आपल्या खिशातील फोनलाच क्षितिज समजते. परंतु मला सांगावयाची गोष्ट वेगळीच आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर एका मादीच्या पुढच्या पायास ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावण्यात आली होती. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. मधले अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. म्हणजे ज्या पूर्वसमुद्रास आमची कयाधू जाऊन मिळते, तेथून निघून ती बाई येथवर पोहोचली होती.

गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री कोणा हिंगोलीकरास ती पुन्हा भेटलीच, तर त्याने दूर, अंधारात, वाऱ्याची बाजू टाळून बसावे, आणि तिचे काम उरकून ती पाण्याकडे वळल्यावर हलक्या आवाजात एवढेच विचारावे की, बाई, आमच्याकडचे पाणी तिकडे पोहोचते ना? उत्तराची वाट पाहू नये; तिला भरती गाठावयाची असते.