मताचा पल्ला

पाली म्हटलं की लोकांना बल्लाळेश्वर आठवतो. ती पाली रायगडातली. आमची बीडची. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की मांजरसुंब्याच्या घाटाआधी, बालाघाटाच्या कुशीत, बिंदुसरेच्या धरणाजवळ ती लागते. इथं अष्टविनायकातला गणपती नाही, पण बप्पा आहेत.

बप्पा हे कुणा एकाचं नाव नव्हे. आमच्या भागात वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणतात, आणि हमरस्त्यावरच्या दर फाट्यावर, चहाच्या दर हॉटेलात एक बप्पा असतातच. तेव्हा कुणी ‘हे आमच्याच घरातलं लिहिलंय’ म्हणून भांडायला येऊ नये. आलंच तर चहा पाजू, पण मजकूर बदलणार नाही.

बप्पांना ओळखायची खूण सोपी आहे. पांढरा नेहरू शर्ट, डोक्याला टोपी, खांद्यावर रुमाल, आणि समोरचा चहा गार झालेला. चहा गार होतो, कारण बप्पांचं मत चालू असतं. मत संपेपर्यंत पोराने तो दोनदा तापवून आणलेला असतो.

सकाळी हॉटेलात पेपर येतो. बीडला पाण्याची टंचाई वरचेवर पडली असेल, वर्तमानपत्रांची कधी पडली नाही. ‘झुंजार नेता’, ‘लोकाशा’ आणि अशी कितीतरी दैनिकं तिथे निघतात. पेपर आला की त्याची वाटणी होते. खेळाचं पान पोरांकडे, बाजारभावाचं पान ज्याच्या घरात माल पडून आहे त्याच्याकडे, निधनवार्ता ज्यांना आज कुठं तरी जायचंच आहे त्यांच्याकडे, आणि वयाचा मान म्हणून पहिलं पान बप्पांकडे. आता पहिल्या पानावरची कुठलीही मोठी बातमी पहिल्या पानावर संपत नाही. चार परिच्छेद झाले की खाली बारीक अक्षरात येतं, ‘उर्वरित पान ५ वर’. पान ५ त्या वेळी पलीकडच्या बाकड्यावर असतं. ते मागून घेण्यात बप्पांना कमीपणा वाटतो. मग उरलेली बातमी ते स्वतःच पुरी करतात, आणि अगदी मनापासून सांगायचं तर पुष्कळदा छापलेलीपेक्षा ती जास्त पटते.

इतकी वर्षं ऐकून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. बप्पांचं मत किती ठाम असणार, हे मताचा विषय पालीपासून किती लांब आहे त्यावर ठरतं. वॉशिंग्टनबद्दल बप्पा उभे राहून बोलतात. दिल्लीबद्दल बसून, पण हात वर करून. मुंबईचं निघालं की हात मांडीवर येतात. बीडचं निघालं की आवाज उतरतो, कारण साडूचा पोरगा पंचायत समितीत आहे. आणि गावातल्या पाणंद रस्त्याचं कुणी काढलं तर बप्पा आधी मागच्या बाकड्यावर कोण बसलंय ते बघतात, मग कपात बघतात आणि म्हणतात, “बघू.”

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, त्या दिवशी बप्पांच्या मताला जोर चढला होता. “आरं, त्यो ट्रम्प मुळात बेपारी माणूस. बेपाऱ्याम्होरं गिऱ्हाइकानं घाई दाखवली की गिऱ्हाईक मेलं. आपण सहा महिने त्याचा फोनच उचलाया नको. चिडीचूप बसायचं. त्योच येतो मागं मागं.” त्याच महिन्यात केंद्राने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं. त्यावर बप्पांनी टेक्ससपासून ऑस्ट्रेलियापर्यंत कापूस कसा पिकतो, तिथल्या सरकी काढायच्या मशिनी केवढाल्या असतात आणि आपला शेतकरी भावासाठी अडून का बसत नाही, याचं अर्धा तास निरूपण केलं. शेवटी म्हणाले, “अडून बसायला छाती लागती.”

दिवाळीच्या सुमाराला बप्पांचा स्वतःचा कापूस निघाला. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला. व्यापारी पंचविशीतलं पोरगं. त्याने गाठोड्यात हात घातला, मूठभर कापूस दाबून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “बप्पा, वल हाय वो मालात.” आणि भाव सांगितला. आम्ही बप्पांच्या तोंडाकडे पाहत होतो. बप्पा टेम्पोच्या चाकाकडे पाहत होते. “बघा तुमच्या मनानं,” ते म्हणाले, आणि काटा लागला.

धरणांचंही तसंच. चीन ब्रह्मपुत्रेवर प्रचंड मोठं धरण बांधतोय, हे कळल्यापासून बप्पांना झोप नाही. पाणी अडवलं तर आसामचं काय, सोडलं तर आसामचं काय, हे ते चहाचे कप मांडून दाखवतात. बशी म्हणजे बांगलादेश. पण बिंदुसरा भरली, सांडव्यावरून पाणी पडायला लागलं आणि बीडकर गाड्या घेऊन फोटो काढायला आले, की त्यांच्यातला कुणी तरी हॉटेलात विचारतोच, “काका, हे पाणी किती दिवस पुरंल?” धरण हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर. बप्पांनी त्याचा तळ उघडा पडलेला पाहिलाय आणि ते तुडुंब भरलेलंही पाहिलंय. उत्तर ठरलेलं असतं, “आता ते आभाळाच्या मनावर.”

वाचनाच्या बाबतीत मात्र बप्पांना कुणी अडाणी म्हणू नये. १९८३ साली अंबाजोगाईला साहित्य संमेलन भरलं होतं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते, आणि बप्पा एसटीने तिथं गेले होते. मंडपाच्या अगदी शेवटच्या खांबाजवळून त्यांनी अध्यक्षांना पाहिलं. तेव्हापासून ते त्यांना ‘आपले माडगूळकर’ म्हणतात. ‘बनगरवाडी’ वाचली का, असं मी एकदा विचारलं. “गावाचीच गोष्ट हाय ना? गावातच राहतो की मी.” हे मत खोडणं अवघड आहे. मी प्रयत्न केला नाही.

लांबचं मात्र ते वाचतात. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ मोठ्या पोराने कॉलेजात असताना आणलं होतं, ते बप्पांनी उन्हाळ्याच्या दुपारी लिंबाखाली बाज टाकून वाचायला घेतलं. भाऊसाहेब उत्तरेत निघाले, दिल्ली घेतली, पुढं कुंजपुरा जिंकला. तिथं बप्पांनी पुस्तक मिटलं आणि फळीवर ठेवून दिलं. “म्होरं काय झालं ते समद्या महाराष्ट्राला ठावं हाय. वाचून कशाला जिवाला घोर?” त्यामुळे पानिपतावरची बप्पांची सगळी मतं जिंकलेल्या बाजूची आहेत. हॉटेलात कुणी हरल्याचं काढलं तर ते दुखावतात. “तू शेवटून वाचतूस,” असं म्हणतात.

कुटुंबाबद्दल बप्पांची मतं उदार आहेत, आणि ती सगळ्यांच्या कुटुंबांबद्दल आहेत. कुणाच्या घरी वाटणीचा तंटा लागला की बप्पांना बोलावणं येतं. ते काठीने मातीत रेघ मारतात. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा, विहिरीचं पाणी पाळीने, बांधावरची सीताफळं निम्मी निम्मी. (सीताफळाचं आमच्याकडे हसण्यावारी नेता येत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यानंतर बांधावरची भांडणं वाढली, असं बप्पांचं मत.) वाटणी अशी चोख होते की दोन्ही भाऊ सारखेच नाराज होऊन उठतात. बप्पांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर मात्र तिन्ही भावांची नावं अजून सामाईक आहेत. त्याबद्दल विचारलं की ते म्हणतात, “घाई काय हाय?”

सध्या आमच्या भागात सगळ्यात मोठा विषय लग्नाचा. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. मुलीकडच्यांना जावई पुण्यात नोकरीला पाहिजे आणि गावी शेतीही पाहिजे; फक्त त्या शेतात मुलीने पाय ठेवायचा नाही. हॉटेलात यावर बाकीचे चिडतात. बप्पा चिडत नाहीत. “पोरींचं बरुबर हाय. शेतात ठिवलंय काय? त्या शिकल्या, तुमी शिकला न्हाईत.” असं स्पष्ट बोलणारा म्हातारा गावात दुसरा नाही, आणि हे मत खरंही आहे. अडचण एवढीच की बप्पांचा धाकटा तिशी ओलांडून घरची शेती करतोय आणि अजून बिनलग्नाचा आहे. तो विषय निघाला की बप्पा रुमाल झटकून उठतात. स्थळं शोधायचं काम काकू, म्हणजे बप्पांच्या मंडळी, करतात, मोबाइलवर, बचत गटातल्या बायांच्या मार्फत, बप्पांना न विचारता.

काकूंना मतं नाहीत. निदान आम्ही कधी ऐकली नाहीत. कुठल्या तुकड्यात तूर टाकायची, बियाण्याची पिशवी कुठली आणायची, गटाचं कर्ज कधी फेडायचं, एवढंच त्या ठरवतात. रोज सकाळी त्या बप्पांना विचारतात, “भाजी कशाची करू?” बप्पा म्हणतात, “कशाची बी कर.” एकदा मी तिथंच होतो. काकू चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, “समदी मतं हाटेलात ठिवून येतेत वो. घरी येईस्तोवर काईच उरत न्हाई.”

दसरा-दिवाळी झाली की बप्पांचे श्रोते कमी होतात. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीचे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं कारखाना असेल तिथं जायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परत येतात, काळवंडलेली, आणि हॉटेलात टेकतात. बप्पा त्यांना कोल्हापूर कसं आहे ते सांगतात. तिथला शेतकरी, तिथलं पाणी, तिथली सहकारी चळवळ, तिथल्या माणसाचा स्वभाव. कोल्हापुरात पाच महिने ऊस तोडून आलेला माणूस मान हलवत ऐकून घेतो. मी एकाला विचारलं, तू का बोलत नाहीस? तो म्हणाला, “आमी फडातच व्हतो की सर. कोल्हापूर कुठं बघितलंय?”

२०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात बप्पांचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. तेव्हा पहिलं पान दुसरंच कुणी तरी वाचत होतं. बप्पा यायचे, बसायचे, चहा गरम असतानाच पिऊन उठायचे. तलाठी पंचनाम्याला आले आणि किती टक्के नुकसान लिहू म्हणाले, तर बप्पा बोलले, “तुमाला दिसतंय तेवढं लिव्हा.” ज्याने तिबेटातलं पाणी बशीत मोजून दाखवलं होतं, त्याने स्वतःच्या वावरातलं मोजलं नाही. यावर हॉटेलात कुणी थट्टा केली नाही. आमचीही वावरं तिथंच होती.

आता रेल्वेचं सांगितलं पाहिजे, कारण बप्पांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विषय तोच. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. मार्ग होईना, पण मत तयार झालं. तीस वर्षं बप्पा त्या एका विषयावर बोलत आले. निवडणूक आली की विषय ताजा व्हायचा, गेली की मुरायचा. पाहुणे आले, सोयरीक जमली, कुणाचं तेरावं असलं, तरी बोलता बोलता गाडी रेल्वेवर यायचीच. आणि मग १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून नगरची गाडी खरोखर सुटली. सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. बप्पांचा विषय गेला.

काही दिवस ते बावचळल्यासारखे होते. मग एका सकाळी त्यांना सापडलं. “आली खरी. पर माझ्या मतं उलट्या अंगानं आली. आदी परळीकडून यायला पाहिजे व्हती.” पण आवाजात ती धार नव्हती. रेल्वे दिल्लीच्या कागदावर होती तेव्हा बप्पा तिच्याबद्दल गरजायचे. आता ती बीडात येऊन उभी राहिली होती. “बसून बघितली का, बप्पा?” पोरांनी विचारलं. बप्पा म्हणाले, “बघू.”

काकूंचं माहेर आष्टीकडचं. आष्टीपर्यंत नगरची गाडी २०२२पासूनच धावत होती, पण ती पलीकडच्या बाजूने. बीडकडून जायला एसटीच. गाडी सुरू झाल्यावर भावाच्या नातवाचं बारसं निघालं. काकूंनी भाकरी बांधल्या, जावेला सोबत घेतलं, बीडला जाऊन गाडीत बसल्या, न्यू आष्टीला उतरल्या, बारसं उरकून तशाच गाडीने परत आल्या. बप्पांनी विचारलं, कशी हाय? काकू म्हणाल्या, “बसायला जागा घावते. पर लई येळ लावते.” आणि धुणं भिजवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बप्पा हॉटेलात उभे राहून बोलत होते. “जागा घावते, त्याची काळजी नको. भाकरी बांधून न्यायची, कारण येळ लई लावते. रुळाचा दोष न्हाई, नियोजनाचा हाय. मी म्हनतो, आष्टीला उतरणाऱ्या माणसाचा इचारच केलेला न्हाई कुणी.”

“कव्हा गेलाव बप्पा तुमी?” कोपऱ्यातून एकाने विचारलं.

“कोण गेलं त्याला महत्त्व न्हाई,” बप्पा म्हणाले. “गाडी येळ लावते, त्याचं बोला.”