दोन निजाम आणि आमचा माळा

हैदराबादच्या गादीवर एकामागून एक असे दोन पुरुष बसून गेले की वस्तूंचा संग्रह आणि वस्तूंचा त्याग यांविषयी गृहस्थाश्रमी माणसाला जे काही शिकायचे असेल ते सारे या पितापुत्रांच्या चरित्रातच आटोपावे. सहावे निजाम मीर महबूब अली खान १८६९ साली गादीवर आले तेव्हा त्यांचे वय अवघे अडीच वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात इतर मुलांचे झबले तोकडे झाल्याची वार्ता फार तर आजीपर्यंत पोहोचते, त्या वयात यांचा अंगरखा तोकडा होणे ही दौलतीची बाब होती. पुढे मोठेपणी हे गृहस्थ एकदा अंगावर चढवलेला पोशाख दुसऱ्यांदा घालीत नसत असे सांगतात, आणि त्या पोशाखांसाठी पुराण्या हवेलीत बांधलेली, एका दालनाची सबंध लांबी व्यापणारी दुमजली कपाटांची रांग, वर जाण्यासाठी हाताने चालवायच्या लाकडी लिफ्टसह, आजही तिकीट काढून पाहता येते. त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले आणि त्यांनी वडिलांच्या या रिवाजाचे पुरते उट्टे काढले. १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून ज्यांची छबी मुखपृष्ठावर छापली, ते हे सातवे निजाम चुरगळलेल्या पायजम्यावर आणि वर्षानुवर्षांच्या त्याच त्या तुर्की टोपीवर राज्यकारभार हाकीत. लोक या दोघांना उधळ्या बाप आणि कवडीचुंबक मुलगा म्हणून मोकळे होतात. पण पुराण्या हवेलीतल्या त्या कपाटांसमोर उभी असताना मला वेगळाच प्रश्न पडला: जो पोशाख पुन्हा घालायचाच नाही, त्याच्यासाठी दुमजली कपाट कशाला हवे? एकाने वापरून ठेवले, दुसऱ्याने न वापरता ठेवले. टाकले मात्र कोणीच नाही.

आमच्या अत्तापूरच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात (ज्याचा पत्ता आम्ही, या भागाच्या वहिवाटीप्रमाणे, उड्डाणपुलाच्या खांबाच्या नंबरावरून सांगतो) हे दोन्ही पंथ सुखाने भांडतात. उस्मानी पंथाचे आधिपत्य सासूबाईंकडे आहे. त्यांचा जन्म सुलतान बाजारातला, शिक्षण विवेकवर्धिनीतले, आणि वडील निजामाच्या महसूल खात्यात पेशकार. त्यामुळे कागद असो की लंगोट, एकदा दप्तरी दाखल झालेली वस्तू वरिष्ठांच्या हुकमावाचून खारीज होत नाही, हा संस्कार त्यांच्यावर माहेरीच झालेला. महबूबी पंथाची मी एकटी अनुयायी, आणि तीही रविवारपुरती, कारण उरलेले दिवस सकाळी डबे, दुपारी कचेरी आणि रात्री उद्याचे डबे यांत जातात. यजमान तटस्थ आहेत. त्यांच्या तटस्थतेचे स्वरूप असे की माळ्यावरच्या ट्रंका ते कोणत्याही पक्षाच्या विनंतीवरून खाली काढतात, वर्तमानपत्राआड जाऊन बसतात, आणि संध्याकाळी त्याच ट्रंका त्याच वजनाच्या पुन्हा वर चढवतात.

मुलांच्या वस्तू घरात येतात कशा, याचा तपास करणाऱ्याने आवकेचे दोन मोठे दरवाजे ध्यानात ठेवावेत. पहिला वाढदिवसांचा. आमच्या इमारतीत मुले उदंड, आणि हल्ली पाहुण्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे असभ्यपणाचे मानले जात असल्यामुळे, एक भेट देण्यासाठी घरातून निघालेले आपले मूल 'रिटर्न गिफ्ट' घेऊन घरी येते. ही बहुधा पाण्याची बाटली असते, नाही तर घरचा उंबरठा ओलांडेपर्यंतच चालेल अशा बेताने बनवलेली बॅटरीवरची मोटार. दुसरा दरवाजा नातलगांचा, आणि तो अधिक धोक्याचा. कारण बॅटरीची मोटार फेकताना हात कचरत नाही, पण परभणीच्या मावशींनी स्वहस्ते विणलेला स्वेटर घराबाहेर काढणाऱ्या सुनेला इहलोकी क्षमा नाही. तो स्वेटर मोरपंखी रंगाचा आहे. छातीवर पांढऱ्या बदकांची रांग, त्यांतल्या शेवटच्या बदकाची चोच टाके संपत आल्यामुळे की काय मागे वळून पाहणारी, आणि खांद्यावर मोत्याची बटणे, जी लावताना मूल रडते आणि काढताना आई. हैदराबादेत थंडी पडते ती संक्रांतीच्या आगेमागे, तीही पहाटेपुरती. वाढत्या अंगाचा म्हणून विणलेला तो स्वेटर पहिल्या वर्षी चिरंजीवांच्या गुडघ्यापर्यंत आला, दुसऱ्या वर्षी थंडी आलीच नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे डोके गळ्यात अडकून घरात आकांत झाला. जी वस्तू एकदाही अंगावर पडली नाही तिला जुनी कोणत्या कलमाखाली म्हणावे, हा सासूबाईंचा मुद्दा आहे आणि तो खोडून काढणारा वकील मला अद्याप भेटलेला नाही.

आज कपडे काढायचे, असे मी रविवारी जाहीर केले की सासूबाई काही न बोलता चष्मा पुसायला घेतात. ट्रंक उघडते, आणि एकेका प्रकरणाची सुनावणी सुरू होते.

"हे देऊन टाकू या ना, आई?"

"अगं, ते बारशाचं. तुझ्या वन्संनी आणलेलं."

"बरं, मग हे?"

"ते कसं देशील? अंगावरचं पहिलं झबलं आहे. पहिलं झबलं घराबाहेर जात नसतं."

"हे तर पार विरलंय."

"विरलंय म्हणूनच मऊ आहे. उद्या घरात आणखी एखादं तान्हं आलं, तर त्याला काय कोऱ्या करकरीत कपड्यात गुंडाळणार आहेस?"

आणखी एका तान्ह्याच्या या अकस्मात उल्लेखाने यजमानांचे मस्तक वर्तमानपत्राच्या क्षितिजावर प्रथमच उगवते, माझ्याकडे पाहून लगबगीने मावळते, आणि त्या दिवसाचे कामकाज तहकूब होते.

देण्याची इच्छा असली तरी घेणारा मिळणे सोपे नाही, हे या उद्योगात पडल्यावाचून कळत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंपुढे मी कन्येचे झालरीचे झगे मोठ्या औदार्याने पसरले, तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "मेरी बच्ची ये झालरां-वालरां नक्को बोलती, अम्मा. जीन्स है तो देओ." जीन्स कन्येच्या अंगावर होती. शेजारच्या तेलुगू बाईंचा सल्ला अधिक जहाल: भोगीच्या पहाटे इमारतीच्या आवारात जी शेकोटी पेटवतात तिच्यात घरातले जुनेपाने लाकूड घालावे, हीच मुळी रीत आहे, मग तुमचा तो माळ्यावरचा पांगुळगाडा कशाला सांभाळता? या बाईंचा आणि आमचा तसा मोठा घरोबा. भोगीच्या संध्याकाळी त्या आपल्या नातवाच्या डोक्यावरून बोरे आणि नाणी ओततात तेव्हा आमची मुले वेचायला हजर असतात, आणि आमच्याकडे काळे झबले व हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण झाले तेव्हा त्यांचा नातू सर्वांत आधी पाटापाशी बसलेला होता. पण पांगुळगाड्याचे नाव निघताच सासूबाईंचा चेहरा पेशकारी झाला. "तो माझ्या मुलाचा आहे," त्या म्हणाल्या. त्या मुलाचे पोट आता वर्तमानपत्राला आधार देण्याइतके पुढे आलेले आहे, ही गोष्ट त्यांनी विचारात घेतली नाही. गंमत अशी की याच शेजारीणबाई बोम्मल कोलुवू मांडतात तेव्हा पायऱ्या-पायऱ्यांवर त्यांच्या आजीच्या वेळच्या कोंडापल्लीच्या बाहुल्या बसलेल्या असतात. हलक्या पोणिकी लाकडाच्या त्या दशावतारांतल्या एकाचे मुंडके निदान दोन पिढ्यांपासून डिंकाने टिकून आहे. त्याला शेकोटी दाखवा असे म्हणण्याची माझी छाती झाली नाही. दुसऱ्याच्या माळ्यावर असते ते सरपण.

कपड्यांच्या बाबतीत खरा आधार नांदेडच्या वन्संचा. त्यांची मुले वयाने माझ्या मुलांच्या मधल्या फटींत नेमकी बसतात. तेव्हा देवगिरी एक्स्प्रेसने नांदेडकडे जाणारा कोणीही ओळखीचा मनुष्य दिसला की त्याच्या गळ्यात मी एक पिशवी अडकवते. प्रारंभी मला ही निर्गत योजना वाटली होती. वस्तुतः ती देवघेवीचा करार निघाली, कारण पिशवी जाते अर्धी आणि येते फुगलेली: माझ्या कन्येचा झगा तिकडच्या धाकटीला, तिकडच्या थोरल्याची चड्डी इकडच्या चिरंजीवांना, आणि शिवाय "तुमच्याकडे कुणाला तरी होतील" म्हणून वन्संच्या शेजारच्यांनी दिलेले, ज्यांचे तोंडही मी पाहिलेले नाही अशा मुलांचे कपडे. कन्येचा पिवळा झगा याच वाटेने नांदेड, परभणी, पुन्हा नांदेड अशी वारी करून गेल्या दिवाळीत स्वगृही परतला. घेर तोच, फुले तीच. मधल्या मुक्कामी कोणा सुगृहिणीने त्याचे मिक्सरसाठी आच्छादन शिवले होते. ते आमच्या मिक्सरला बरोबर बसते.

एका सुटीत मुलांना घेऊन आम्ही सालारजंग संग्रहालयात गेलो, आणि माझ्या पक्षाचा जो काही कणा शिल्लक होता तोही तिथे मोडला. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांनी हयातभर मिळेल ते जमवले. १९४९ साली ते अविवाहित वारले, आणि त्यांच्या माघारी त्यांच्या देवडीत दाटलेल्या पसाऱ्याचे काय करावे या चिंतेतूनच म्हणा ना, १९५१ च्या डिसेंबरात ते संग्रहालय उघडले आणि १९६८ साली मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत आले. तिथे मुलांसाठी एक दालन आहे. काचेमागे आगगाड्या, पत्र्याची खेळणी, शिपायांच्या पलटणी, सारे कसे अभंग, एकाही शिपायाचे नाक तुटलेले नाही. ज्याच्या घरात मूल नाही त्याची खेळणी धड राहिली यात नवल ते काय, असे मी म्हणणार, इतक्यात सासूबाई काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, "बघ. कुणीतरी टाकलं नाही, म्हणूनच आज दिसतंय ना?" तिकीट माझ्याच हातात होते.

तरीही एका वस्तूवर आमच्या घरात एकमत झालेले होते. चिरंजीवांचा लाल ट्रक, मागचे एक चाक गमावल्यापासून कुशीवर कलून पडलेला, ज्याला कोणी दाता नव्हता, ज्याला बारसे-वाढदिवसाचा दाखला नव्हता, आणि ज्याच्याकडे त्याच्या धन्याने कित्येक महिन्यांत ढुंकून पाहिले नव्हते. तो द्यायचा, असे सासूबाईंनी स्वमुखाने फर्मावले. गेल्या रविवारी खाली कबाडीवाल्याची हातगाडी आली. तिच्यावरचा कर्णा 'पात इनप सामान्लु कोंटाम' हे आपले ध्वनिमुद्रित ब्रीद गाऊ लागला, तेव्हा मी घाईघाईने ट्रक, झाकण नसलेल्या त्या बाटल्या आणि चिरंजीवांचे चालताना चीं-चीं वाजणारे जुने बूट एका खोक्यात भरले.

"बूट झटकलेस का?" सासूबाईंनी विचारले.

हा प्रश्न केवळ विंचवाच्या भीतीचा नव्हे. महबूब अली खान यांच्या पश्चात उस्मान अलींना चौमहल्ला राजवाड्यात वडिलांच्या एका जोड्याच्या टोकात जेकब हिरा सापडला, तो त्यांनी पुढे कागद दाबायला वापरला, ही कथा या शहरात सर्वतोमुखी आहे. हिरा सुमारे १८५ कॅरटचा; १९९५ साली भारत सरकारने निजामांचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले त्यांत तोही आला. तेव्हापासून की काय कोण जाणे, सासूबाईंच्या माहेरी जोडा देण्यापूर्वी त्याच्या टोकात बोट घालून पाहण्याचा शिरस्ता आहे. मी बोट घातले. उजव्या बुटातून बोराची एक बी निघाली. डाव्या बुटातून निघाले ट्रकचे चाक.

यानंतर जे घडले त्याला माझी संमती नव्हती, हे नमूद केलेले बरे. यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. चाक घेतले, खोक्यातून ट्रक उपसला, धोतराने पुसावे तसा लुंगीने पुसला, आणि आसावर चाक दाबले. खट् असा आवाज झाला. "अरे वा," ते म्हणाले, आणि फरशीवर त्यांनी ट्रक सोडला तो थेट देवघराच्या उंबरठ्यापर्यंत सरळ रेषेत गेला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, "धडधाकट वस्तू कुणी टाकतं का गं?" हे वाक्य त्यांना उच्चारावेही लागले नाही. ज्यांचा म्हणून हा ट्रक, ते चिरंजीव रिकाम्या झालेल्या खोक्यात बसून होडी हाकीत होते. त्यांना मी ट्रक दाखवला, तेव्हा "तो बाबांचा आहे ना?" असे विचारून ते पुन्हा वल्हवू लागले, आणि खोके गेले तेही त्या दिवसापुरते हिशेबातून.

खालून हाक आली, "क्या अम्मा, सामान है क्या नै?"

आता आलेल्या माणसाला विन्मुख कसे पाठवायचे? मी घरभर नजर फिरवली आणि दिवाणाखाली महिनोन्महिने साचलेली वर्तमानपत्रांची रद्दी बांधून खाली पाठवली. तिच्यावर सासूबाईंची हरकत नव्हती, मुलांची नव्हती. यजमानांची असण्याचा संभव होता, पण ते ट्रक उलट्या दिशेने आणण्यात गढलेले असल्यामुळे, त्या दिवशीचे न वाचलेले वर्तमानपत्रही तिच्यात गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले नाही.