ओरखडेग्रस्त

कोपरगावात गोदावरी फुगली की पूरग्रस्त होतात, नळाला पाणी आलं नाही की टंचाईग्रस्त होतात, आणि नगर-मनमाड रस्त्याच्या कृपेने खड्डेग्रस्त बारमाही असतात. या तिघांची निवेदनं तहसील कचेरीत जातात, कधीमधी फोटोसह छापूनही येतात. चौथा वर्ग ओरखडेग्रस्तांचा. त्याची दप्तरी नोंद नाही, पण ज्याच्या दारात चारचाकी आहे तो आज ना उद्या या वर्गात यायचाच. माध्यमिक शिक्षक, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातले कर्मचारी, औषधांचे दुकानदार, कांद्याचे व्यापारी, पतसंस्थेचे व्यवस्थापक, अशी एरवी एकमेकांशी फारशी न जुळणारी माणसं गाडीच्या दाराला वीतभर चरा गेला की हुबेहूब सारखी वागू लागतात. हा चराही काही पराक्रमात मिळालेला नसतो. कोकमठाणला समृद्धी महामार्गावर चढून, ताशी १२० च्या मर्यादेत (हे त्याचं म्हणणं) संभाजीनगरला जाऊन हा माणूस धडधाकट परत येतो आणि स्वतःच्या बोळात शेजाऱ्याच्या ओट्याला दार घासतो. नाहीतर गळिताच्या हंगामात दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर साईबाबा कॉर्नरला वळतो आणि बाहेर डोकावणारी उसाची टिपरं जाताजाता गाडीवर सही करतात. ट्रॅक्टरवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याचं गाणं चालू असतं.

गावात पत्र्याचं आणि रंगाचं काम धड होत नाही, ही या गृहस्थाची जन्माची तक्रार. ती बऱ्याच अंशी खरी आहे, पण तिचं जे कारण तो सांगतो ते मला पटत नाही. तो म्हणतो, कारागीर उरले नाहीत. कारागीर आहेत. अडचण अशी की ओरखडेग्रस्ताला दुरुस्ती नकोच असते. झालेली गोष्ट झालीच नव्हती, असं त्याला करून हवं असतं. जो झाकून मागतो त्याला झाकून मिळतं, यात पेंटरचा दोष काढायला फारशी जागा नाही. पुरावा म्हणून गॅरेजात त्याने विचारलेले प्रश्न घ्या. 'कळणार तर नाही ना?' हा पहिला. 'रविवारच्या आत होईल ना?' हा दुसरा. 'अगदी कंपनीसारखं दिसेल ना?' हा तिसरा. पत्रा किती उचलणार, उघड्या पत्र्यावर प्रायमर कोणता मारणार, पुट्टी किती जाड बसणार, यातलं एक अक्षर नाही. रविवारची घाई कशासाठी, याचाही शोध घेतला तर मागे लग्न असतं, साखरपुडा असतो, किंवा नुसता साडू असतो. साडूने दाराकडे पाहून 'अरे रे, कधी झालं?' असं सहानुभूतीने विचारावं, याच्याइतकी मोठी नुकसानी विम्याच्या कुठल्याही पॉलिसीत बसत नाही. तोपर्यंत गाडी रोज जखमी बाजू भिंतीकडे करून लावली जाते, आणि घरातली मंडळी दुसऱ्या बाजूने सरकत सरकत आत शिरायला शिकतात.

आता त्याच्या तिसऱ्या प्रश्नाचा विचार करू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा, म्हणजे आत ना सीट, ना वायर, ना प्लॅस्टिक, असा रसायनाच्या टाकीत बुडवून विजेच्या साह्याने त्यावर गंजरोधक थर चढवतात. मग प्रायमर, मग रंगाचा थर, मग वरचा पारदर्शक क्लिअर, आणि भट्टी साधारण १४० अंशांची. एवढं सगळं मिळून जाडी भरते शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास. तयार गाडी अशा भट्टीत घातली तर रंग पक्का होईल, पण डॅशबोर्ड वितळेल. म्हणून दुरुस्तीचे रंग वेगळे असतात, त्यांत हार्डनर मिसळावा लागतो आणि ते साठेक अंशांना, तेही रंगकामाचा बूथ असेल तर, वाळवतात. कोपरगावचा मे महिना कितीही तापला तरी साठाला पोचत नाही. तेव्हा 'कंपनीसारखं' हा शब्द शब्दशः घेतला तर ते कुणालाच शक्य नाही, नाशिकला नाही आणि पुण्यालाही नाही. शक्य असतं ते असं: पत्रा आतून डॉली लावून हातोडीने जितका जागेवर येईल तितका आणायचा, पुट्टी उरलेल्या एक-दोन मिलिमीटरपुरतीच भरायची, उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर मारायचा, रंग शेजारच्या पॅनलवर विरवत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण पॅनलला द्यायचा. चंदेरी रंगाचा तर आणखी एक खोडसाळपणा आहे. त्यातले ॲल्युमिनियमचे बारीक कण फवाऱ्याच्या बंदुकीचा दाब, अंतर आणि हवेतला दमटपणा यांप्रमाणे आडवे-तिरपे बसतात. डबा तोच, कोड तोच, पेंटरही तोच, तरी सकाळची शेड आणि दुपारची शेड वेगळी दिसू शकते. रंग शेजारी विरवत न्यायचा तो यासाठी. पण 'चांगल्या पॅनलला हात लावायचा नाही' अशी सक्त ताकीद ओरखडेग्रस्ताने आधीच दिलेली असते, आणि मग दोन दारांमध्ये जी सीमारेषा उमटते तिला तो पेंटरचं अज्ञान म्हणतो.

या अपेक्षेला गावाची परंपराही थोडी जबाबदार असेल. कोपरगावच्या बेट भागात शुक्राचार्यांचं मंदिर आहे; मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या याच भूमीवरची, असं कोपरगाव मानतं. साखर कारखान्याचं नावही पूर्वी तेच होतं, त्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. ज्या गावात संजीवनी पाटीवर वाचतच माणूस लहानाचा मोठा होतो, तिथे चेपलेलं फेंडर पूर्ववत होणार नाही हे पटायला जड जाणारच. पण शुक्राचार्यांचं काम सोपं होतं. कच तीनदा मारला गेला, तीनदा उठला, तिसऱ्या वेळी तर तो राख होऊन मद्यातून गुरूच्याच पोटात गेला होता. तरीही देवयानीने त्याला उन्हात उभं करून शेड जुळते का, हे पाहिल्याचं पुराणात कुठे नाही.

'पण पेंटर फसवतात हेही खरंच ना?' असा आक्षेप कुणी घेईल. फसवतात. गंज न खरवडता वर पुट्टी थापतात, दाराचा रबर आणि हँडल न काढता कडेला वर्तमानपत्र चिकटवून फवारतात आणि रबरावर रंगाची किनार सोडतात, स्वस्तातला क्लिअर मारतात. मात्र याच हातांचं दुसरं काम पाहा. उसाच्या ट्रकची फळी, टेम्पोची केबिन, पाण्याच्या टँकरचा सांधा गॅरेजांच्या याच आळीत होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. कारण ट्रकचा मालक शेजारी बाजेवर बसून राहतो, वेल्डिंगवर नजर ठेवतो, टोचा मारून पत्रा तपासतो. त्याला हिरव्याची कोणती छटा बसली याचं काहीएक देणंघेणं नसतं. गाडी उभी राहिली तर खेप बुडते एवढंच त्याला कळतं. तो मजबुती मागतो, त्याला मजबुती मिळते. तो काही ओरखडेग्रस्तापेक्षा नीतिमान असतो असं नव्हे, फक्त त्याच्या साडूला ट्रकच्या दारात रस नसतो. तोच कारागीर, तीच हातोडी, फरक मागणीत. ट्रॅक्टरवाल्याने तर प्रश्नच निकालात काढलेला आहे. चेपलेल्या मडगार्डकडे तो स्वाभाविक वाढ झाल्यासारखं पाहतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. नोकरदार माणूस, हप्ते चालू, तो पैसे वाचवणारच. वाचवावेत, पण ओरखडेग्रस्ताचा विम्याचा हिशेब पाहिला तर तो वाचवतो असं म्हणवत नाही. क्लेम घेतला नाही तर पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट ('नो क्लेम बोनस', म्हणजे एनसीबी) मिळते, ती प्रीमियमच्या स्वतःच्या नुकसानीपुरत्या भागावर. समजा तो भाग दहा हजारांचा आहे. म्हणजे ५० टक्के वाल्याचे वर्षाला पाच हजार वाचतात. क्लेम घेतला की सूट शून्यावर येते आणि पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. तीन-चार हजारांच्या कामाला क्लेम न घेणं यात शहाणपण आहे. चाळीस हजारांच्या कामाला न घेणं हा हट्ट आहे. हा गृहस्थ नेमकं उलट करतो. मोठ्या धडकेला 'एनसीबी जाईल' म्हणून खिशातून भागवतो, आणि मग तीन वर्षांचे ओरखडे साठवून एका दिवशी सर्व्हेअरपुढे एकाच अपघातात दाखवतो. त्याच्या अर्जातला हा अपघात विलक्षण असतो: गाडीला समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी धडक बसते, आणि त्यातल्या एका चऱ्यात आधीच गंज धरलेला असतो. सर्व्हेअर मुकाट्याने प्रत्येक ओरखड्याला वेगळा अपघात ठरवतो. मग प्रत्येक क्लेमला लहान गाडीची हजार रुपयांची सक्तीची वजावट वेगळी. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी नसेल तर बदललेल्या प्लॅस्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे आणि रंगाच्या मालाचे निम्मे पैसे मालकाचेच, हे त्याला बिल हातात पडल्यावर कळतं. पॉलिसीच्या कागदावर ते पहिल्या दिवसापासून छापलेलं असतं. तो कागद गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली, व्यवस्थित घडी करून असतो.

मग कंपनीच्या वर्कशॉपात का जाऊ नये? जावं. पर्ल व्हाइट किंवा चंदेरी गाडीचं काम असेल तर माझं मतही तिकडेच पडेल, कारण धूळ गाळणारा बूथ आणि वजनाने रंग मिसळणारं यंत्र यांना पर्याय नाही. उघड्या शेडमध्ये पेंटर जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवतो, पण हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून येणाऱ्या काजळीला ते समजावून सांगता येत नाही. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि रंगावर पांढरट झाक येते. एवढं मान्य करूनही सांगायला हवं की ओरखडेग्रस्त तिथे गेल्यावर बदलत नाही. वातानुकूलित खोलीत बसून कॉफी घेतो, 'बदलूनच टाकू' या प्रस्तावावर सही करतो आणि ठोकून सरळ होणारं दार भंगारात जातं. काच असल्यामुळे आत चाललेलं काम दिसू शकतं, पण त्या काचेकडे त्याची पाठ असते, कारण समोर टीव्ही असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो: गाडी विकताना किंमत पडते, म्हणून झाकावं लागतं. वस्तुस्थिती उलटी आहे. जुन्या गाड्यांचा दलाल रंगाच्या चकाकीकडे पाहतच नाही. तो दाराच्या बिजागरीचे बोल्ट पाहतो, त्यांच्यावर पान्याचे वळ आहेत का ते बघतो, दोन पॅनलमधली फट बोटाने मोजतो, रबर उलटून कडा पाहतो. कोणाकडे जाडी मोजणारं यंत्र असतं. ज्याच्याकडे नसतं तो साधं चुंबक रुमालात धरून दारावरून फिरवतो. शंभर-दीडशे मायक्रॉनच्या रंगावर चुंबक घट्ट बसतं. खाली दोन बोटं पुट्टी असेल तर सरळ गळून पडतं. शिर्डीला फ्रिजवर लावायची जी चुंबकं मिळतात, त्यांतलं एखादं या कामाला चालतं, आणि बाबांसमोर दार खोटं बोलत नाही असं दलाल गिऱ्हाइकाला ऐकवतो ते वेगळंच. एकदा पुट्टी सापडली की त्याला पुढचं सगळं कल्पनेने दिसू लागतं: गाडी उलटली असेल, नदीत गेली असेल, माणूस दगावला असेल. वीतभर चरा आणि त्याचं खरं बिल दाखवलं असतं तर हजार-दोन हजारांत भागलं असतं. झाकल्यामुळे ओट्याला घासलेल्या दाराचा भीषण अपघात होतो.

तरीही कामाची पारख संध्याकाळीच करायची, हा या वर्गाचा अलिखित नियम आहे. गाडी न्यायला तो कार्यालय सुटल्यावर, सातच्या पुढे जातो. गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली दोन जवळच्या छटा एकसारख्या दिसतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांचं भांडण होतं, हे रंगाच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पेंटरने नुकतंच रबिंग कंपाऊंड मारून ठेवलेलं असतं, बोट फिरवलं की निसटतं. पेंटर बजावतो: आठवडाभर धुवायची नाही, महिनाभर पॉलिश नाही. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे पहिली अट पाळणं जड जाऊ नये. पण हा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी टाकीतलं राखीव पाणी काढून गाडी धुतो. दसरा जवळ असला तर अजून कच्च्या असलेल्या क्लिअरवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतो, आणि ते स्वस्तिक मग पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसट का होईना टिकतं.

गावातल्या पेंटरांची कीर्ती ठरते ती याच पहिल्या आठवड्यात. दार चकाकत असतं, साडू काही बोललेला नसतो, आणि ओरखडेग्रस्त भेटेल त्याला सांगत सुटतो, 'आपल्या ओळखीतला माणूस आहे, माझं नाव सांग.' पुट्टीखालच्या गंजाला वर यायला एक-दोन पावसाळे लागतात. तोपर्यंत त्याच्या नावावर चार गाड्या तिथे जाऊन आलेल्या असतात, चौघांनीही पुढे आपापली नावं सांगितलेली असतात. आणि दाराच्या खालच्या कडेला पहिला फुगा दिसला की हे पाचही जण येवला नाक्यावर चहा पीत नव्या पेंटरची चौकशी करतात, जो रविवारच्या आत करून देईल.