दिनदर्शिकाभारमीमांसा

संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत मासनामाच्या उजवीकडे जो लघुबाण असतो, त्यास अंत नसणे हे सर्व्हरपीडेचे आदिकारण होय. बेंगळुरूतील एका मराठी मंडळाच्या स्थळावर आम्ही ही व्याधी प्रत्यक्ष अवलोकिली. मंडळाचे कार्यक्रम वर्षाला अकरा. तथापि कोजागिरीच्या रात्री, आटीव दुधाचे पेले भरले जात असता, स्थळ बंद पडले. सर्व्हरची नोंदवही उघडता आढळले, की एक बॉट उजव्या बाणाने महिन्यामागून महिना ओलांडीत मार्च २४१७ ला पोचला आहे. दुसरा डाव्या बाणाने मागे जात १६३८ मध्ये, म्हणजे हे नगर आदिलशाहीच्या हाती गेले त्या वर्षी, उभा आहे. प्रत्येक पानागणिक डेटाबेसने नव्याने शोध घेऊन एकच उत्तर दिले होते: 'या महिन्यात कार्यक्रम नाहीत.' मायएसक्यूएलमधील तारीख ९९९९ च्या डिसेंबरअखेर संपते, एवढीच काय ती करुणा.

लक्षण: जे नाही ते नाही, हे प्रत्येक पृच्छेस पुन्हा सिद्ध करण्याचा व्यर्थ श्रम, तो दिनदर्शिकाभार. वैशेषिकांनी अभाव चतुर्विध मानला आहे. येथेही तेच भेद संभवतात.

१. प्रागभाव: पुढील गणेशोत्सवाची नोंद चिटणिसांनी अद्याप केलेली नाही.
२. प्रध्वंसाभाव: नाटक रद्द, नोंद पुसलेली.
३. अन्योन्याभाव: 'क्रीडा' विभागात भजन शोधणे.
४. अत्यंताभाव: मार्च २४१७. बहुतांश भार याचाच.

निवारणाचे संप्रदाय तीन. द्वारपालवादी १९९४ पासून रूढ असलेल्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये निषेध लिहितात. शिष्ट बॉट तो पाळतात, अशिष्ट वाचतही नाहीत. सीमावादी बारा महिन्यांपुढचा बाणच छेदतात व पलीकडच्या पत्त्यांस ४०४ देतात. संचयवादी, ज्यांस लौकिकात कॅशवाले म्हणतात, पान एकदा रचून ठेवतात आणि नवी नोंद पडली तरच पुन्हा रचतात. त्यांचा गणिताधार अभेद्य आहे. मासारंभाचे वार सात, मासाच्या लांबी चार. म्हणून चौकटी अवघ्या २८. शिवाय ग्रेगोरियन गणनेची ४०० वर्षे म्हणजे १,४६,०९७ दिवस, अर्थात पूर्ण २०,८७१ आठवडे. मार्च २४१७ ची चौकट ती मार्च २०१७ चीच!

यावर पूर्वपक्ष असा, की 'आज' दाखवणारे पिवळे वर्तुळ पानासह गोठते. आक्षेप सबळ आहे. मंडळात रथसप्तमी उलटली तरी ते संक्रांतीवरच बसले होते, आणि एक काकू तिळगुळाचा डबा घेऊन दुसऱ्यांदा आल्या. उत्तरपक्ष: वर्तुळ सर्व्हरने काढूच नये, पाहणाऱ्याच्या ब्राउझरने काढावे.

निर्णय: सीमा व संचय यांचा समुच्चय ग्राह्य, मंडळाने तो स्वीकारला आहे. मार्च २४१७ मध्ये कुणाचे कार्य ठरले असल्यास सभागृहासाठी चिटणिसांशी समक्ष बोलावे. बाण उपलब्ध नाही.