गोळी सुटल्यानंतरचे सोपस्कार

समजा, तुमच्याकडे परवान्याची रिव्हॉल्व्हर आहे. (सामान्य माणसाला परवाना मिळता मिळत नाही, पण समजा.) मध्यरात्री चौघं दार तोडून आत शिरले, एकाच्या हातात कोयता. तुम्ही गोळी झाडली. एक आडवा, तिघे पसार. पुढे काय?

पुढे ११२ लावायचा. जखमी दरोडेखोरासाठी रुग्णवाहिका तुम्हीच मागवायची, आणि तो जगावा म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. रिव्हॉल्व्हर खाली ठेवायची, पुसायची नाही. पुंगळ्या सिलिंडरमध्ये आहेत तिथेच राहू द्यायच्या. घरातलं कुणी ओलं फडकं घेऊन निघालं तर आधी त्याला अडवा, कारण आज फरशी पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. मग पंचनामा, हातांचे स्वॅब, हत्यार सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, आणि मागोमाग परवाना निलंबित का करू नये याची नोटीस. घडलं तेवढं पोलिसांना थोडक्यात सांगा आणि वकील येईपर्यंत गप्प बसा. जमलेल्या सोसायटीपुढे ‘असा टिपला ना त्याला!’ हे वाक्य उच्चारलंत, तर सरकारी वकिलांचं निम्मं काम तिथेच झालं.

कायदा तसा तुमच्या बाजूचा आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचीच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी करणाऱ्याचा जीव गेला, तरी ते माफ होऊ शकतं. मात्र गरजेपुरतंच. पळत्या चोराच्या पाठीत गोळी निघाली की संरक्षण संपलं, खून सुरू. शिवाय ‘मी जीव वाचवत होतो’ हे दाखवायचं तुम्हीच, तशी साक्ष अधिनियमाच्या १०८व्या कलमाची अट. भेदरलेल्या माणसाने सोन्याचा काटा घेऊन बळ मोजावं, अशी अपेक्षा न्यायालय करत नाही. फक्त हा समजूतदारपणा कोणत्या मजल्यावर भेटेल, ते सांगता येत नाही. पंजाबातल्या दर्शन सिंगने वडिलांवरच्या हल्ल्यात बंदूक चालवली. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं.

हे झालं तुमचं-आमचं. वरच्या वर्गाची पद्धत वेगळी. २ फेब्रुवारी २०२४ला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, खुद्द वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, एका आमदारांनी गोळ्या झाडल्या. ११२ लावायची गरज नव्हती, पोलीस खोलीतच होते. मग त्यांनी वृत्तवाहिनीला फोन लावून सांगितलं, आत्मसंरक्षणासाठी झाडल्या. अटक झाली, खटला आपल्या गतीने चालेल. त्याच वर्षी विधानसभेचं तिकीट मात्र घरातच राहिलं आणि निवडूनही आलं.

आणि पोलिसांनीच स्वसंरक्षण केलं तर? इथे गंमत आहे. गोळी झाडल्यानंतर पोलिसांनी काय करायचं, याची देशाला लागू असलेली नियमावली जन्मली ती मुंबईच्या कर्तृत्वातून. १९९५ ते ९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने दाद मागितली आणि २३ सप्टेंबर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने सोळा नियम घालून दिले. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करा, शस्त्रं तपासणीला जमा करा. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात जे न सांगता होतं, तेच.

या निकालाला दहा वर्षं पुरी झाली त्याच तारखेला, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या बाल-अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलीस गाडीत डोक्यात गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, आम्ही स्वसंरक्षण केलं, असं पोलिसांचं म्हणणं. गुन्हा घृणास्पद होता, यात वादच नाही. म्हणूनच निकाल न्यायालयात लागायला हवा होता. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचं पुढे आलं आणि स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद ठरला. तरी विशेष तपास पथक नेमा, हे उच्च न्यायालयाला एप्रिल २०२५मध्ये सांगावं लागलं. तुमच्या घरी मात्र पंच तासाभरात हजर!

त्या सोळा नियमांत आणखी एक आहे. शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत चकमकीनंतर लगेच पदक नाही, बढती नाही. हा नियम कटाक्षाने पाळला गेला असावा, कारण बदलापूरनंतर मुंबईत जे लागले ते फलक होते. त्यावर हातात पिस्तूल घेतलेले तत्कालीन गृहमंत्री आणि खाली मजकूर, ‘बदला पुरा’. फलकांबद्दल निकालात काही नाही.