टॅब धरणारा अण्णा

कोरमंगलाच्या ऐंशी फुटी रस्त्यालगतच्या टर्फवर भाचा फुटबॉल शिकतो. पत्रकावर ठळक छापलंय, 'युरोपियन मुख्य प्रशिक्षक'. शनिवारी साडेसातला मुख्य प्रशिक्षक आले. टॅबवर.

टॅब धरायला अण्णा. बंगळुरात कुणालाही अण्णा म्हणता येतं, त्यामुळे नाव विचारायची वेळ येत नाही. चेंडू उजवीकडे गेला की अण्णा टॅब घेऊन उजवीकडे, डावीकडे गेला की डावीकडे. कॉर्नर मिळाला की झेंड्यापर्यंत धाव, साहेबांना दिसलं पाहिजे. ऊन आलं की पडद्यावर तळहाताची सावली. साहेबांच्या गावी तेव्हा पहाटेचे चार. ते जांभई देतात, मग पोरंही देतात. याला मेथडॉलॉजी म्हणतात. पन्नाशीचा अण्णा पोरांपेक्षा जास्त पळतो. हुद्दा: 'सपोर्ट'. गेल्या शनिवारी पावसात नेटवर्क गेलं. अण्णाने टॅब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, चपला काढल्या आणि चेंडू पायाखाली कसा अडवायचा ते दाखवलं. सहा महिन्यांत भाच्याने पहिल्यांदाच चेंडू थांबवला. अकरा मिनिटांनी नेटवर्क आलं. अण्णा पुन्हा स्टँड झाला.

अण्णा ऑस्टिन टाऊनचा. रिक्षाने पंधरा मिनिटं, अर्थात पहाटे तीनला निघालात तर. ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन, गौतमपूर या छावणीच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्त्या, घराघरांत तमिळ आणि गल्लीगल्लीत फुटबॉल. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बरेचसे अनवाणी खेळलेल्या भारतीय संघात बंगळूरची पोरं होती. खेळायला ही माणसं चालतात. शिकवायला म्हटलं की 'लायसन्स' निघतं. डी, सी, बी, ए अशी उलटी बाराखडी. दर अक्षराला फी आणि बुडालेला रोज. पदरमोड करून काढलंच, तर 'कम्युनिकेशन' कमी पडतं म्हणे! अहो, साहेबांचं इंग्रजी पोरांना कन्नडात, तमिळमध्ये आणि दखनीत सांगतो कोण? टॅब?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीच्या संघाचा कोच पेठेतलाच असतो, आणि सामना हरला की पेठ त्याला कोपऱ्यावर गाठते. तिथे 'आवाज तुटतोय' म्हणून सुटता येत नाही.

इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू डझनांनी आणि त्या रंगाचे प्रशिक्षक बोटांवर मोजण्याइतके, यावरून तिथे निदान बोंब तरी होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये २००३ पासून नियमच आहे: मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्या. आमच्या अण्णाचीही मुलाखत झाली होती. विचारलं, "हात थरथरत नाहीत ना?"

येत्या शनिवारी टॅबचा चार्जर आणायची पाळी माझी आहे. पालकहो, मी तो घरी विसरणार आहे. त्यापुढच्या शनिवारी तुम्ही विसरा.