वाद कसा हरावा : डिझाईनच्या फायली विकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सातारा-सांगली पट्ट्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सची पीएसडी, लग्नपत्रिकेची सीडीआर किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्सची पीडीएफ ऑनलाइन विकून पोट भरू पाहणाऱ्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. धंदा कसा वाढवावा हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. आलेले पैसे रीतसर कसे घालवावेत, हे मात्र कुणी शिकवत नाही.

आधी मालाचा स्वभाव ओळखा. सातारचा कंदी पेढा परत आला, तर दुकानदाराच्या हातात निदान पेढा तरी पडतो. फाईलचं तसं नाही. ती गिऱ्हाइकाकडेच राहते आणि त्याने बँकेत तक्रार केली, की पैसेही त्याच्याकडेच परत जातात. या चमत्काराला चार्जबॅक म्हणतात. कार्डधारकाला बिलाच्या घोळापासून वाचवण्यासाठी अमेरिकेने 1974 साली कायदा केला, त्यातून हा हक्क पक्का झाला. भावी नगरसेवक ही जमात तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे नसावी.

आता प्रात्यक्षिक. रात्री साडेअकराला मेसेज येतो : "दादा, फाईल लगीच टाका की. फ्लेक्सवाला मशीन चालू ठेवून बसलाय." कार्डावरून 199 रुपये येतात, लिंक जाते, फाईल उतरते. सकाळी पोवई नाक्यावर फ्लेक्स उभा. मधोमध गॉगलवाले साहेब, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. महिन्याभराने तक्रार येते : माल मिळालाच नाही.

नवशिके इथं लगेच ओटीपी पुढे करतात. ओटीपी कामाचा आहे, पण दुसऱ्या भांडणात. 'हा व्यवहार मी केलाच नाही' असं गिऱ्हाईक म्हणालं, तर ओटीपी पडलेल्या व्यवहाराचा भुर्दंड सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. म्हणून जाणती मंडळी तसं म्हणतच नाहीत. व्हिसा या कार्ड कंपनीच्या तक्रारींच्या यादीत 13.1 क्रमांकाचं कारण आहे, 'माल किंवा सेवा मिळाली नाही'. त्यापुढे ओटीपी गप्प बसतो.

मग पुराव्याचा फॉर्म येतो. त्यात कुरिअरची पावती, ट्रॅकिंग नंबर, माल घेणाऱ्याची सही, सगळ्याला रकाने असतात. खचू नका. डाउनलोडची वेळ, आयपी पत्ता, ईमेल, 'लगीच टाका की'चा स्क्रीनशॉट असं सगळं एका पीडीएफमध्ये बांधा. फ्लेक्सचा फोटो पालिकेची गाडी यायच्या आत काढा. तुमच्या फाईलमध्ये हाराचं डावीकडचं झेंडूचं फूल कटिंग करताना अर्धं उडालेलं असेल, तर फ्लेक्सवरही ते अर्धंच असणार. त्याभोवती लाल गोल करा, बाण दाखवा. आपल्या चुकीचा एवढा सन्मान पुन्हा होणे नाही. एवढं करून तुम्ही हराल, कारण फ्लेक्सवर साहेब असतात आणि कार्ड मेहुण्याचं असतं.

वेळेचं गणितही ध्यानात ठेवा. फ्लेक्स आठ दिवसांत उतरून कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. तक्रारीचा हक्क साधारण 120 दिवस जिवंत राहतो. उत्तराला तुम्हाला जेमतेम आठवडा, तोही सणाचा.

या सगळ्यात एक गोष्ट खरोखर पाळण्यासारखी आहे. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं, की तक्रार बँकेत जायच्या आत पैसे परत करून मोकळे व्हा. पण तक्रार एकदा दाखल झाली, की चांगुलपणा आवरा. पैसे आधीच वळते झालेले असतात. वर तुम्ही रिफंड केलात, तर ते दुसऱ्यांदा जातात, आणि परत मिळवताना कुणीच फोन उचलत नाही.

यूपीआयवर ही भानगड नाही, असं तासगावापासून कराडापर्यंत सगळे सांगतात. भानगड आहे, फक्त वेगळ्या गावची. तुम्हाला 199 रुपये पाठवणाऱ्याकडे ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतून फिरत आलेले असतात. फसलेला माणूस 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस येतात आणि तुमच्या खात्यावर होल्ड लागतो. कधी 199 रुपयांवर, कधी अख्ख्या खात्यावर. मग परराज्यातल्या सायबर ठाण्याला ईमेल करून पटवून द्यायचं, की आपण टोळीचे सदस्य नसून 'दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'चे निर्माते आहोत.

शेवटचा उपाय वॉटरमार्कचा. पैसे पक्के होईपर्यंत मूळ फाईल द्यायची नाही. हलक्या दर्जाचा नमुना पाठवायचा आणि त्यावर आडवा, ठळक आपला मोबाईल नंबर टाकायचा. गिऱ्हाईक तोच नमुना छापून घेतं. विश्रामबागच्या चौकात साहेबांच्या कपाळावर तुमचा नंबर झळकतो आणि दुपारपर्यंत विट्याहून फोन येतो : "दादा, ते कपाळावर नंबरवालं डिझाईन केवढ्याला? आमच्या सरपंचांना तसलंच पायजे."